आईची शुगर, गुडघ्याचं ऑपरेशन आणि फॅमिली ग्रुपवरचे डॉक्टर

पत्र: ताई नमस्कार, मी ऐरोलीला राहते, आई ठाण्यात नौपाड्याला दादा-वहिनीकडे असते. वय ६६, शुगर बरीच वर्षं आहे. उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट गणपतीनंतर ठरलं होतं, कॅशलेसची मंजुरी आली, मी सुट्टी टाकली, आणि तपासण्यांमध्ये तीन महिन्यांची शुगर (रिपोर्टवर HbA1c लिहितात ती) ९.४ निघाली. सर्जन म्हणाले आता नाही, दिवाळीनंतर या. दादा भडकलाय, दुसरं हॉस्पिटल बघू म्हणतो. फिजिशियननी रात्रीचं इन्सुलिन लिहून दिलंय पण आई म्हणते एकदा सुई लागली की कायमची, त्यामुळे पेन तसंच पडलंय. मामी सांगतात ऑपरेशनच्या दोन दिवस आधी सगळ्या गोळ्या बंद करायच्या, वहिनीच्या माहेरी कुणीतरी सकाळी सगळ्या गोळ्या घेऊन ऑपरेशनला गेले होते म्हणे, काही झालं नाही. आई मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी दोन वेळा घेते आणि सकाळी डापाग्लिफ्लोझिन. कुणाचं ऐकायचं? — एक लेक, ऐरोली

अगं, आधी दादाचं बघू कारण तो दुसरं हॉस्पिटल शोधायला निघाला तर बाकीचं सगळं सांगून उपयोग नाही. ज्या सर्जननी ९.४ बघून ऑपरेशन पुढे ढकललं त्यांनी स्वतःचंच बुकिंग घालवलंय, पैसे काढायचे असते तर त्याच आठवड्यात टेबलावर घेतलं असतं ना. सर्जिकल वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर मी तर म्हणेन असा नाही म्हणणारा डॉक्टर मिळाला की त्याला सोडू नये.

आता ९.४ म्हणजे काय ते दादाला आकड्यात सांग, तो आकड्यांचा माणूस दिसतोय. ९.४ म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांत आईची शुगर सरासरी २२३ च्या आसपास होती, सरासरी बरं का, म्हणजे जेवणानंतर कधी २८०-३०० पण जात असणार. ठरवून करायच्या ऑपरेशनला बहुतेक डॉक्टर हा आकडा ८ च्या खाली मागतात, काही जण ८.५ पर्यंत चालवून घेतात, आणि ८ म्हणजे सरासरी १८३. गुडघ्याला जास्त कडक का असतात, तर तिथे धातू आणि प्लास्टिकचा सांधा आत कायमचा बसणार असतो. शुगर चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, जखम सावकाश भरते, आणि जंतू एकदा त्या सांध्यावर जाऊन बसले की तिथे स्वतःभोवती थर करून राहतात, मग नुसत्या अँटिबायोटिकनी निघत नाहीत, परत उघडून धुवावं लागतं, कधी सांधाच काढून दुसरा घालावा लागतो. दोन महिने थांबणं त्यापुढे काहीच नाही. हेच उद्या खुब्याचं हाड मोडलं असतं किंवा अपेंडिक्स फुटायला आलं असतं तर कुणी थांबलं नसतं, इन्सुलिनची ड्रिप लावून शुगर खाली आणत आणत ऑपरेशन केलं असतं. आईचा गुडघा दुखतोय पण थांबू शकतो, म्हणून थांबवलाय.

एक विचारून घे मात्र, आईचं हिमोग्लोबिन कसंय. रक्त कमी असलं की तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा फसवतो, लोह कमी असेल तर खोटा वर जाऊ शकतो. घरच्या मशीनवरचे आकडे आणि हा आकडा जुळत नसतील तर फिजिशियनना दोन्ही दाखवा. कॅशलेसची मंजुरी नव्या तारखेला परत घ्यावी लागेल, इन्शुरन्स डेस्कला आत्ताच कळवून ठेव. सुट्टीचं तुझं तू बघ.

आता सुईचं. आईला हे सांग की तिच्या शरीरात इन्सुलिन अजून बनतंय, कमी पडतंय एवढंच, आणि ऑपरेशनच्या आगेमागे गरज वाढते म्हणून बाहेरून द्यायचं, गर्दीच्या वेळी जादा लोकल सोडतात तसं. गर्दी ओसरली की बऱ्याच जणांचं इन्सुलिन कमी होतं किंवा बंदही होतं आणि परत गोळ्यांवर येतात. आईचं बंद होईलच असं मी लिहून देणार नाही, इतक्या वर्षांच्या शुगरला काही जणांना थोडं चालू ठेवावं लागतं, पण ते ज्याला लागतं त्याला लागतं, सुई टोचली म्हणून सवय लागली असं काही नसतं. हल्लीच्या पेनची सुई चार मिलिमीटरची असते, पोटावर टोचायची, रोज जागा थोडी बदलायची, पहिल्या दिवशी तू समोर बस आणि तिच्याच हातून टोचून घे, बोटाला मशीन टोचताना जेवढं दुखतं तेवढंही दुखत नाही हे कळलं की निम्मी भीती जाते. डॉक्टर थोड्या युनिटनी चालू करतात आणि सकाळची उपाशीपोटीची शुगर बघत दर तीनेक दिवसांनी दोन-दोन युनिट वाढवत नेतात, त्यामुळे सकाळची शुगर रोज वहीत लिहायची, ग्रुपवर नाही, वहीत. उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत हा साधारण अंदाज, तुमच्या डॉक्टरांनी आईच्या वयाला वेगळा दिला असेल तर तो धरा. पेन चालू केलं की फ्रिजच्या बाहेर ठेवलं तरी चालतं पण तीस डिग्रीच्या आत, आणि ठाण्याचा ऑक्टोबर तुला माहितीये, तेव्हा पंख्याखाली टेबलावर ठेवून चालणार नाही, फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीजरमध्ये चुकूनही नको. आणि आईचे डोळे तपासून बरेच दिवस झाले असतील तर आत्ता पडदा तपासून घ्या, शुगर एकदम भराभर खाली आणली तर आधीच खराब असलेला पडदा सुरुवातीला जास्त बिघडू शकतो, डॉक्टरांना माहीत असलं म्हणजे ते वेग सांभाळतात.

हे दोन महिने नेमके कुठले आहेत बघितलंस का, आधी नवरात्र मग दिवाळी. आई नऊ दिवस उपास करत असेल तर हा विषय आजच काढ. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी खाऊन शुगर चढते ती एक गोष्ट, पण त्याहून वाईट म्हणजे दिवसभर नुसत्या चहावर राहून ग्लिमेपिराइड घ्यायची, ती पोटात अन्न नसलं तरी शुगर खाली ओढतेच, मग घाम, थरथर, चक्कर, आणि दुखऱ्या गुडघ्याची बाई बाथरूममध्ये पडली म्हणजे झालं. शिवाय डापाग्लिफ्लोझिन चालू असताना कडक उपास केला तर आणखी एक भानगड होते ती खाली सांगते. देवीला एक वर्ष घटस्थापनेचा आणि अष्टमीचा असे दोनच उपास चालतात, तेसुद्धा गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून, असं माझं मत, आई ऐकणार नसेल तर हे कागद घेऊन तिच्या फिजिशियनकडे जा, डॉक्टरांनी सांगितलेलं आया ऐकतात, लेकीचं नाही ऐकत. फराळाचं मी काही बोलत नाही, चकली गोड नसते म्हणून चालते हे मात्र खरं नाही एवढं सांगते.

याच काळात दात दाखवून घ्या, किडलेला दात किंवा सुजलेली हिरडी असेल तर ती आधी निस्तरायची, लघवीत जंतू आहेत का ते बघायचं, आणि रोज रात्री आईच्या पायाची बोटं फाकवून मधली जागा बघायची, चिखल्या, भेगा, छोटी जखम. तिथून जंतू रक्तात जायला वेळ लागत नाही आणि शुगरवाल्यांना पायाला संवेदना कमी असली की कळतच नाही.

आता गोळ्या. मामी पण चूक आणि वहिनीच्या माहेरचे पण चूक, म्हणजे त्यांचं निभावलं ते नशीब. सगळ्या बंद किंवा सगळ्या चालू असं नसतंच गं, प्रत्येक गोळीचा हिशोब वेगळा.

सगळ्यात आधी ती सकाळची डापाग्लिफ्लोझिन, कारण हीच सगळे विसरतात. २०२० मध्ये आपल्याकडे तिचं पेटंट संपलं आणि कितीतरी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या, प्रत्येकीचं नाव वेगळं, परत मेटफॉर्मिन नाहीतर सिटाग्लिप्टिन मिसळलेल्या वेगळ्या, त्यामुळे घरच्यांना ती कुठली तेच ओळखू येत नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ग्लिफ्लोझिन असं संपणारं नाव शोधायचं, डापा, एम्पा, काना, सगळी एकाच घरातली. काही जणांना हार्टसाठी किंवा किडनीसाठी दिलेली असते त्यामुळे ही शुगरची गोळी आहे हेच माहीत नसतं. ही गोळी जास्तीची साखर लघवीतून बाहेर टाकते. ऑपरेशनसाठी उपाशी राहिलं, वर ऑपरेशनचा ताण, इन्सुलिन कमी, की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात किटोन नावाचं आम्ल साठतं, ज्याला किटोअॅसिडोसिस म्हणतात. एरवी हे झालं की शुगर चारशे-पाचशे दिसते आणि सगळे धावतात, पण या गोळीमुळे साखर लघवीतून जात असते म्हणून मशीनवर १६०-१८० दिसते, घरचे म्हणतात वा शुगर किती छान, आणि पेशंट आतून बिघडत असतो. म्हणून ही गोळी ऑपरेशनच्या आधी पूर्ण तीन दिवस बंद ठेवायची असते. गुरुवारी ऑपरेशन असेल तर शेवटची गोळी रविवारी. त्या तीन दिवसात शुगर थोडी वर जाईल, तेव्हा काय करायचं ते फिजिशियनना आधीच विचारून ठेवायचं. मामींचे दोन दिवस इथे कमी पडतात आणि बाकीच्या गोळ्यांना जास्त होतात, गंमत बघ.

मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड आदल्या दिवसापर्यंत साधारणपणे चालू असते आणि ऑपरेशनच्या सकाळी घ्यायची नसते. ग्लिमेपिराइडमुळे उपाशीपोटी शुगर पडते आणि मेटफॉर्मिन किडनीवर ताण आला तर अंगात साठतं. आदल्या रात्रीचा डोस पूर्ण घ्यायचा की कमी ते विचारायचं. रात्रीचं इन्सुलिन मात्र स्वतःहून अजिबात शून्य करायचं नाही, आदल्या रात्री डॉक्टर ते साधारण पाव भागानी कमी करतात, किती युनिट तो आकडाच लिहून घ्यायचा. (ज्यांना लहानपणापासूनची, टाइप वनची शुगर असते त्यांनी तर लांब पल्ल्याचं इन्सुलिन कधीच थांबवायचं नाही, उपाशी असले तरी. आईचं तसं नाहीये पण हे वाचणाऱ्यात कुणी असेल म्हणून.) वजनासाठी म्हणून आठवड्याचं इंजेक्शन हल्ली बरेच जण घेतात, त्याने पोट सावकाश रिकामं होतं आणि भूल देताना पोटातलं फुफ्फुसात जायची भीती असते, तेही लपवायचं नाही. ब्लडप्रेशरच्या गोळीचं आणि रक्त पातळ करायच्या गोळीचं वेगळं विचारायचं, काही त्या सकाळी घेतात, काही नाही. आणि कारल्याचा रस, मेथीची पूड, जांभळाच्या बियांची पूड, गुळमार, हे घरगुती म्हणून कुणी सांगत नाही पण शुगरवर त्याचाही परिणाम होतो, तेही सांगायचं.

हे सगळं विचारायचं कुणाला, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना. फिटनेसच्या तपासणीला जाताना नुसती चिठ्ठी नेऊ नका, घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या आणि एका कागदावर त्यांच्याकडूनच लिहून घ्या, कुठल्या गोळीचा शेवटचा डोस कुठल्या तारखेला, आणि परत चालू केव्हा. तो कागद फ्रिजवर लाव, त्याचा फोटो ग्रुपवर टाक आणि सांग की आता यावर चर्चा नको. गोळ्या एकाच माणसानी द्यायच्या, माझ्या मते वहिनीनी, कारण रोज घरात तीच असते, दादानी चिडायचं खातं सांभाळावं.

ऑपरेशन सकाळी पहिलं लावून मागा, शुगरच्या पेशंटला बहुतेक ठिकाणी देतातच, जास्त वेळ उपाशी राहावं लागत नाही. हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, तळकट-जड असेल तर आठ तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर तेच, कारण जुन्या शुगरवाल्यांचं पोट सावकाश रिकामं होतं. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, अर्धा कप पण नव्हे, एवढ्यावरून ऑपरेशन दुपारवर गेलेली मी भरपूर बघितलीत. उपाशी असताना घाम आला, हात कापायला लागले तर मशीनवर बघायचं, ७० च्या खाली असेल तर उपास म्हणून थांबायचं नाही, तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून द्यायचं, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, आणि किती वाजता काय दिलं ते भूल देणाऱ्यांना सांगायचं. बिस्किट नाही, दूध नाही. अॅडमिट झाली असेल तर सिस्टरला हाक मार, त्या सलाईनमधून देतील. बहुतेक आदल्या दिवशीच अॅडमिट करतात, तुम्हाला सकाळी बोलावलं आणि तू ऐरोलीहून येणार असशील तर आदल्या रात्री नौपाड्यालाच झोपायला जा, विटाव्याला अडकून बसायचं आणि इकडे सगळे तुझ्या नावानी फोन करतायत असं नको.

आत काय होतं याची फार काळजी करू नकोस, तिथे तासातासाला शुगर बघतात, साधारण १०० ते १८० मध्ये ठेवतात, चढली तर इन्सुलिन देतात. खूप खालीही आणत नाहीत कारण पूर्ण भुलेत माणसाला घाम-थरथर कळत नाही, नुसती मशीनवरच कळते. गुडघ्याला बहुतेक वेळा कमरेतून भूल देतात त्यामुळे आई जागी असेल, बोलेल.

बाहेर आल्यावर मात्र तुम्ही घाबरणार. घरी १४० असायची आणि वॉर्डात पहिल्या दिवशी २४०-२६० दिसली की दादा परत भडकेल. ऑपरेशनचा ताण म्हणजे शरीर कॉर्टिसोल, अॅड्रेनलिन असली हार्मोन्स सोडतं आणि ती शुगर चढवतात, शिवाय उलटी आणि दुखणं कमी व्हावं म्हणून डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलेलं असतं, ते स्टिरॉइड, त्याने एखाद-दोन दिवस शुगर चढते. म्हणून तिथे गोळ्यांऐवजी इन्सुलिन देतात, ते रोज काय गरज तसं कमीजास्त करता येतं. त्यात एक लक्ष तू ठेवायचंस, जेवणाआधीचं इन्सुलिन टोचलं आणि ताट आलंच नाही, किंवा आईला मळमळतंय आणि तिने दोन घास खाऊन ठेवून दिलं, की शुगर पडते. तेव्हा ताट समोर आल्यावर इन्सुलिन, आणि आई जेवणार नसेल तर टोचण्याआधी सिस्टरला सांगायचं. भेटायला येणाऱ्यांचे फ्रूट ज्यूस आणि डिंकाचे लाडू दारातून परत. डाळ, अंडं, दही, पनीर खाऊ दे, जखम भरायला प्रोटीन लागतं. टाच गादीवर घासत राहते आणि शुगरवाल्यांना तिथे दुखत नाही म्हणून दोन-तीन दिवसात काळी पडते, रोज चादर वर करून टाच बघायची, पोटरीखाली उशी देताना गुडघ्याचं काय ते फिजिओला विचारून. पाय गार पडलेत म्हणून गरम पाण्याची पिशवी नको.

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, बिल, औषधं, रिक्षा का गाडी, त्या गडबडीत डिस्चार्ज कार्डवर जुन्याच गोळ्या लिहिलेल्या असतात आणि इन्सुलिन किती दिवस ते नसतं. ते विचारल्याशिवाय उठायचं नाही. मेटफॉर्मिन परत चालू होतं ते आई नीट जेवायला लागली आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, ठीक असेल तर. डापाग्लिफ्लोझिन सगळ्यात शेवटी, खाणंपिणं पूर्ण पहिल्यासारखं झाल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. दुखण्याची गोळी शेजारच्या मेडिकलमधून स्वतःहून आणायची नाही, काही गोळ्या किडनीला जड पडतात. घरी आल्यावर उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, गळून जाणं असं काही झालं तर मशीनवर १५० दिसली तरी कॅज्युअल्टीला न्यायचं आणि डापाग्लिफ्लोझिन चालू होती, किटोन बघा, हे शब्द तिथल्या डॉक्टरांना सांगायचे. जखमेतून पाणी येणं, भोवती लाल-गरम होणं, ताप येणं, यातलं काही दिसलं तर टाके काढायच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी सर्जनना फोन.

आईला आज रात्रीपासून पेन चालू करायला लाव, तू स्वतः जा. आणि दिवाळीनंतरची तारीख घेताना आधी शुगर परत तपासून मगच पक्की करा, आकडा ८ च्या खाली आला नसेल पण सकाळच्या शुगर वहीत छान दिसत असतील तर ती वही सर्जनना आणि भूल देणाऱ्यांना दाखवा, कारण तीन महिन्यांच्या आकड्यात सप्टेंबरचे मोदकही अजून मोजले जात असतात.